पूर्वछाया आणि पुराण: स्वर्गारोहणाची कथा मराठी मुलखात

पुनरुत्थानानंतर चाळीसाव्या दिवशी येशू ख्रिस्त शिष्यांच्या देखत स्वर्गात गेला, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग येतो. यरुशलेमजवळच्या जैतुनांच्या डोंगरावर येशू शिष्यांशी बोलत असतो. बोलता बोलता तो वर घेतला जातो, मेघ त्याला दृष्टीआड करतो आणि शिष्य आकाशाकडे पाहत उभे राहतात. हे सांगणारे पहिले लोक यहुदी होते आणि त्यांच्यापुढे धर्मग्रंथ एकच होता, इब्री शास्त्र, म्हणजे ख्रिस्त्यांचा जुना करार. त्यामुळे ‘असे झाले’ एवढे सांगून त्यांचे भागत नव्हते. ‘असे होणार हे आपल्या शास्त्रात आधीच सूचित होते’ हेही त्यांना दाखवावे लागले. या सूचनांना ख्रिस्ती परंपरा पूर्वछाया म्हणते. ही समजूत सतराव्या शतकात मराठीत आली आणि एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात पोचली. अडचण तिथे उभी राहिली. छाया ओळखायची तर जुना ग्रंथ आधी ऐकलेला असावा लागतो, आणि नांदेड-लातूरकडच्या गावांत हनोख किंवा एलीया हे नाव कोणाच्या कानावरून गेलेले नव्हते.

इब्री शास्त्रात मृत्यूला चुकवून गेलेले पुरुष दोन. पहिला हनोख. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासूनची वंशावळ आहे आणि प्रत्येक नावापुढे तो इतकी वर्षे जगला व मेला असा हिशेब येतो. हनोखापाशी हा हिशेब मोडतो. तो ३६५ वर्षे जगला, देवाबरोबर चालला आणि मग दिसेनासा झाला, कारण देवाने त्याला नेले. एवढ्या त्रोटक मजकुरावर पुढे यहुद्यांनी हनोखाच्या नावाने मोठे ग्रंथ रचले. त्यांतला एक इथिओपियाच्या चर्चने आजवर आपल्या शास्त्रात ठेवला आहे.

दुसरा पुरुष एलीया. त्याची कथा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात येते. आपला गुरू आज जाणार हे शिष्य अलीशाला ठाऊक असते, म्हणून तो त्याची पाठ सोडत नाही. यार्देन नदीवर एलीया आपला झगा गुंडाळून पाण्यावर मारतो, पाणी दुभंगते आणि दोघे कोरड्या पात्रातून पलीकडे जातात. काय हवे ते माग, असे एलीया म्हणतो. अलीशा गुरूच्या आत्म्याचा दुप्पट वाटा मागतो. एलीयाची अट अशी की, मला नेताना तू पाहिलेस तरच ते मिळेल. मग अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे दोघांच्या मधे येतात, एलीया वावटळीतून वर जातो आणि झगा खाली पडतो. तो झगा उचलून अलीशा परत नदीवर येतो आणि पाणी पुन्हा दुभंगते.

‘प्रेषितांची कृत्ये’ लिहिणाऱ्या लूकने स्वर्गारोहणाचा प्रसंग लिहिला तो हीच कथा मनात ठेवून, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले की लगेच कळते. शिष्यांनी ‘पाहिले’ यावर तो एकाच परिच्छेदात पुन्हा पुन्हा जोर देतो. गुरू गेल्यावर शिष्यांना आत्म्याचे सामर्थ्य मिळणार हे वचन आधी येते आणि दहा दिवसांनी पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे पेन्टेकॉस्टला, ते पुरे होते. चाळीस दिवसांचा आकडाही जुनाच आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता आणि एलीया होरेबाकडे चाळीस दिवस चालत गेला होता.

कथांपेक्षाही जास्त वापर झाला तो स्तोत्रांचा. चोविसाव्या स्तोत्रात वेशींना आपली कमान उंच करायला सांगितले आहे, कारण वैभवशाली राजा आत येत आहे. सत्तेचाळिसाव्यात देव जयघोषात आणि शिंगाच्या नादात वर चढतो. अडुसष्टाव्यात विजेता उंचावर जाऊन कैद्यांना घेऊन जातो, तर एकशे दहाव्यात प्रभूला देवाच्या उजवीकडे बसण्याचे आमंत्रण मिळते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्य पेत्राने जो युक्तिवाद केला तो याच शेवटच्या स्तोत्रावर उभा आहे: दावीद स्वतः स्वर्गात चढला नाही, तेव्हा हे शब्द दुसऱ्या कोणाविषयी असले पाहिजेत. अडुसष्टाव्या स्तोत्राची गोष्ट आणखी मजेची आहे. मुळात विजेता माणसांकडून देणग्या घेतो, पण पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रात तोच विजेता माणसांना देणग्या देतो. ही निव्वळ ख्रिस्ती करामत म्हणता येत नाही. आरामी भाषेतील यहुदी भाषांतरातही ‘दिल्या’ असाच अर्थ आहे, फक्त तिथे वर चढणारा मोशे आहे आणि देणगी आहे नियमशास्त्र.

दानीएलाच्या सातव्या अध्यायात मानवपुत्रासारखा कोणी मेघांसह पुराणपुरुषाच्या सिंहासनापाशी आणला जातो आणि त्याला अक्षय राज्य मिळते. जैतुनांच्या डोंगरावरचा मेघ तिथलाच. सर्वांत खोल विचार मात्र इब्री लोकांस पत्रात सापडतो. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, यहुदी मंदिरातला प्रमुख याजक बळीचे रक्त घेऊन पडद्याआडच्या परमपवित्र स्थानात एकटा जात असे. पत्राचा लेखक म्हणतो की हे मंदिर आणि हा विधी सावलीसारखे आहेत, खरे परमपवित्र स्थान म्हणजे स्वर्ग आणि येशू तिथे कायमचा गेला. इथे स्वर्गारोहण हा चमत्कार राहत नाही, ती याजकाची पूजा होते. हनोख-एलीयाच्या दाखल्यांपेक्षा हा दाखला जास्त वजनाचा आहे, कारण आधीच्या दोघांत माणूस सुटतो आणि यात तो इतरांसाठी आत जातो.

यहुद्यांनी हे सगळे मान्य केले नाही, आणि त्यांचे म्हणणे ख्रिस्ती ग्रंथांतच नोंदलेले आहे. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिनने त्रुफो नावाच्या यहुद्याबरोबरचा संवाद लिहिला. त्यात जस्टिन सांगतो की तुमचे पंडित चोविसावे स्तोत्र शलमोनाला आणि एकशे दहावे हिज्कीया राजाला लावतात. पुढे रब्बींनी हनोखाचे जाणे म्हणजे साधा मृत्यूच असे ठरवले. तालमुदात तर एका रब्बीचे मत असे नोंदले आहे की मोशे आणि एलीया हे दोघेही वर चढलेच नाहीत. ख्रिस्ती बाजूनेही भेद स्पष्ट करावा लागला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी (पहिले) यांनी स्वर्गारोहणाच्या प्रवचनात म्हटले की हनोख नेला गेला, एलीयाला रथ लागला, येशू मात्र स्वतःच्या सामर्थ्याने गेला. पंधराव्या शतकातील युरोपच्या लाकडी ठशांच्या चित्रपुस्तकांत हीच मांडणी दिसते: मध्ये स्वर्गारोहण, एका बाजूला हनोख, दुसऱ्या बाजूला एलीया.

स्वर्गारोहणाचा स्वतंत्र सण चौथ्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. त्याच सुमारास जैतुनांच्या डोंगरावर गोल आकाराचे चर्च बांधले गेले आणि येशूच्या पावलांचे ठसे म्हणून तिथला दगड यात्रेकरूंना दाखवला जाऊ लागला. धर्मयुद्धांनंतर ती जागा मुसलमानांच्या ताब्यात गेली. तो दगड आजही तिथल्या छोट्या घुमटाखाली आहे.

असाच एक दगड मराठी मुलखात आहे आणि तो यहुद्यांचा आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत असे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मानतात. एलियाहू हनाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, येथूनच स्वर्गात गेला अशी त्यांची परंपरा आहे. त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. यहुदी पंचांगातील शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला तिथे उरूस भरतो. पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा आणि फळे यांचा मलिदा ताटात मांडतात आणि एलीयाचे नाव घेऊन प्रार्थना म्हणतात. मलिदा पुढे नवस फेडण्याचा आणि लग्नकार्याआधीचा विधी झाला. येथला एलीया कोणाची पूर्वछाया नाही. तो स्वतःच येतो, संकटात दर्शन देतो, नवसाला पावतो. प्रायश्चित्ताच्या दिवसालाही कोकणातील या समाजाने आपले नाव दिले, दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून उपास करायचा. इब्री लोकांस पत्राने ज्या दिवसात येशूचे स्वर्गारोहण पाहिले, तोच हा दिवस. गंमत अशी की मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण छापले ते याच समाजाला डोळ्यांपुढे ठेवून. बेने इस्राएल शिकले, त्यांनी आपले शास्त्र मराठीत वाचले, पण मिशनऱ्यांना अपेक्षित असलेला अर्थ बहुतेकांनी घेतला नाही.

मराठीत हा अर्थ पहिल्यांदा सांगितला तो गोव्यात. इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तिथेच राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. सुमारे ११ हजार ओव्या, ९५ अवस्वरू (अध्याय) आणि देवनागरीचे टाइप नसल्याने रोमन लिपी. या ग्रंथाची रचनाच पूर्वछायेच्या तत्त्वावर झाली आहे. पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून इस्राएलाचा इतिहास आणि संदेष्ट्यांची भाकिते सांगते, दुसरे पुराण येशूचा जन्म ते स्वर्गारोहण. सासष्टीतील बाटलेल्या घराण्यांनी आपली जुनी पुराणे गमावली होती आणि त्यांच्या जागी काहीतरी हवे होते. पाद्री-गुरू बोलतो, ब्राह्मण प्रश्न विचारतो, असा संवाद त्याने योजला. स्वर्गाला तो निःसंकोच वैकुंठ म्हणतो. श्रोत्याला जुना करार ठाऊक नाही, तेव्हा आधी तो पुरता सांगायचा आणि मगच नवा, हा निर्णय स्टीफन्सचा मोठेपणा दाखवतो. दोन शतकांनंतर आलेल्या अनेक मिशनऱ्यांनी तो धीर धरला नाही.

स्टीफन्स गोव्यात लिहीत होता तेव्हा आजच्या लातूरपासून जवळच अंबाजोगाईला दासोपंत (१५५१-१६१५) गीतेवर अवाढव्य ओवीबद्ध टीका लिहीत होते. एकाच काळातले दोन ओवीकार, पण एकमेकांच्या जगाचा कोणालाच पत्ता नव्हता. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदी घातली, ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नामशेष झाल्या आणि ग्रंथ हस्तलिखितांतून कसाबसा टिकला. घाट चढून तो मराठवाड्यात आला नाही.

मराठवाड्यात मिशन आले ते उत्तरेकडून, जालना-औरंगाबादच्या छावण्यांच्या आधाराने. जालन्याचे काम उभे केले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. १८४३ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला मिशनऱ्यांकडून परत आणण्यासाठी वडिलांनी कोर्टात दाद मागितली. मुलगा परत मिळाला आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. ही हकिकत मराठी वाचकाला ओळखीची आहे. थोरल्या भावाची पुढची हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला गेले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हॅंजेलिकल अलायन्सच्या परिषदेत त्यांनी भाषण केले. पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ, त्यांनी मुख्यतः मांग आणि महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसवले आणि त्याचे नाव बेथेल ठेवले.

बेथेल हे नाव उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले. भावाच्या भीतीने पळालेला याकोब रात्री माळावर दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला पृथ्वीवरून आकाशाला भिडलेली शिडी दिसते आणि तिच्यावरून देवदूत चढत-उतरत असतात. सकाळी तो त्या दगडावर तेल ओतून त्या जागेला देवाचे घर म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात हीच शिडी येशूला लावली आहे: देवदूत चढतील-उतरतील ते मानवपुत्रावर. स्वर्ग आणि पृथ्वी यांमधली वाट म्हणजे येशू, असा त्याचा ख्रिस्ती अर्थ. पळून आलेल्या, बेघर माणसाला मिळालेले हे दर्शन आहे. गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीला हे नाव द्यायला नारायण शेषाद्रींनी शोधून काढलेली कथा चपखल होती. इब्री शास्त्रातील स्वर्गाच्या वाटेची खूण मराठवाड्याच्या मातीत उमटली ती अशी, एका गावाच्या नावात.

दक्षिण मराठवाड्याची गोष्ट वेगळी. आजचा लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्यामुळे इकडचा संबंध मुंबईपेक्षा बीदर-हैदराबादशी जास्त राहिला आणि बीदरला अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे काम होते. दरबारी भाषा उर्दू, बोली मराठी, कानडी आणि तेलुगू. इथल्या श्रोत्याला देहासह वर गेलेल्यांच्या कथा नवीन नव्हत्या. महाभारताचे अठरावे पर्व स्वर्गारोहण पर्वच आहे आणि धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार होत नाही हे कीर्तनातून घरोघर माहीत. तुकाराम बीजेला सदेह वैकुंठगमनाचे अभंग गावोगाव म्हटले जातात. कंधार-उदगीरच्या मुसलमान वस्तीत मेराजची, म्हणजे पैगंबरांच्या स्वर्गगमनाची, रात्र पाळली जाते. कुराणात इद्रीसला उंच स्थानी नेल्याचा उल्लेख आहे आणि परंपरेने इद्रीस म्हणजेच हनोख मानला जातो. ईसालाही अल्लाने आपल्याकडे उचलून घेतले असे तिथे सांगितले आहे. तेव्हा ‘येशू स्वर्गात गेला’ या वाक्याने इथे कोणी चकित होत नव्हते. उलट ‘आमच्यातही गेले आहेत’ हे उत्तर तयार असे. प्रचारकाला फरक सांगावा लागे आणि तो फरक एलीयाच्या रथात नाही, प्रमुख याजकाच्या पडद्यात आहे. तो समजावून सांगणे मात्र अवघड होते, कारण श्रोत्यांपैकी बहुतेकांना कोणत्याच देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता.

या अडचणीवर सर्वांत धीट उत्तर नारायण वामन टिळकांनी दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. हिंदू संतांचे वाङ्मय हाच भारतीय ख्रिस्ती माणसाचा पहिला जुना करार, अशी त्यांची धारणा होती. कीर्तनात उत्तररंगाआधी पूर्वरंग लागतो, तसा ख्रिस्तकथेआधी हा पूर्वरंग त्यांना हवा होता. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले. टिळकांची वाट आकर्षक आहे, पण तिच्यात एक धोका आहे. तुकाराम येशूची छाया ठरला तर तो स्वतःचा राहत नाही. नेमकी हीच तक्रार यहुदी एलीयाबद्दल अठराशे वर्षे करत आले होते.

पंडिता रमाबाईंनी उलट टोक धरले. संस्कृत शास्त्रार्थात पारंगत असलेल्या या बाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणले. संस्कृत धाटणीची भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच टाइप जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ बाहेर आला. स्टीफन्सने जुना करार ओव्यांत सांगितला होता, रमाबाईंनी तो वाचणाऱ्याच्या हातात दिला.

कॅथलिक काम मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात रुजले. फ्रेंच धर्मगुरू गुरियन जाकिये यांनी घोगरगाव हे त्याचे केंद्र केले. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली झाला आणि नांदेड, लातूर हे जिल्हे त्यातच मोडतात. स्वर्गारोहणाचा सण मूळचा गुरुवारचा. भारतात कॅथलिक तो बहुधा पुढच्या रविवारी साजरा करतात, कारण गुरुवारी शेतमजूर आणि नोकरदार येऊ शकत नाहीत. त्या दिवशीच्या मिस्सेत पहिले वाचन ‘प्रेषितांची कृत्ये’मधले असते, दुसरे पत्रांतले आणि शेवटचे शुभवर्तमानातले. हनोख आणि एलीया यांच्या कथा त्या दिवशी वाचल्या जात नाहीत. इब्री शास्त्रातले एकच पान उरते, ते सत्तेचाळिसावे स्तोत्र. हेच स्तोत्र यहुदी सभास्थानांत नववर्षाला शिंग फुंकण्यापूर्वी सात वेळा म्हणतात.